सुईआधी निदान

जनावरांचे रोगनियंत्रण आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू हे दोन विषय सरकारी फायलींत वेगवेगळे असले, तरी गोठ्यात ते एकच आहेत. रोग शिरला की त्याच्या मागोमाग प्रतिजैविक येते. लस वेळेवर टोचलेली नसते, नमुना तपासण्याची सोय जवळपास नसते आणि दुभत्या गाईचे दोन दिवसांचे दूध बुडवणे परवडत नाही. अशा वेळी पशुपालकाच्या हाताशी उरते ते औषधच. त्याला दोष देऊन काही साधत नाही. औषधाची गरज कमी करणारी लस आणि औषध कोणते हवे ते सांगणारे निदान त्याच्या दारापर्यंत नेणे हे सार्वजनिक संशोधनाचे काम आहे. ते अर्धे राहिले, म्हणून प्रतिजैविकांवरचा भार वाढला.

प्रतिजैविक जिवाणूंना मारते किंवा त्यांची वाढ रोखते. विषाणूंवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. अपुरी मात्रा दिली, अर्ध्यावर सोडली किंवा चुकीचे औषध निवडले, तर काही जिवाणू तग धरतात आणि त्यांचीच पुढची पिढी वाढते. औषधाला दाद न देण्याचा गुण ज्या जनुकांत असतो, ती बऱ्याचदा प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनएवर असतात. हे प्लाझ्मिड एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकते. त्यामुळे कोंबडीच्या आतड्यात तयार झालेला गुण माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूत पोचणे अशक्य नसते. शेणखत, सांडपाणी, कच्चे मांस आणि जनावरांची देखभाल करणाऱ्यांचे हात या त्याच्या वाटा आहेत. प्रतिरोधक जिवाणूंच्या संसर्गामुळे २०१९ साली जगात सुमारे १२.७ लाख माणसे थेट मृत्युमुखी पडली, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. हे सारे गोठ्यामुळे घडले असे नाही. माणसांच्या उपचारांतला बेसुमार वापर हे त्याचे मोठे कारण आहे. पण देशात २०१९च्या गणनेनुसार ५३ कोटींहून अधिक पशुधन आणि ८५ कोटी कोंबड्या-बदके असताना गोठा आणि खुराडे हिशेबाबाहेर ठेवता येत नाहीत.

दुधाच्या धंद्यात या प्रश्नाचे सर्वांत नेहमीचे रूप म्हणजे कासदाह. कास सुजते, सड दुखतो, दुधात गुठळ्या येतात. हे झाले उघड दुखणे. सुप्त कासदाहात दूध पांढरेशुभ्र दिसते आणि फक्त उत्पादन घटते. कारण ठरणारे जंतू अनेक असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस कासेत खोल दडून बसतो आणि उपचारांना सहज दाद देत नाही. ई. कोलायमुळे झालेला सौम्य कासदाह पुष्कळदा जनावराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने आवरतो. तिथे प्रतिजैविकाचा फारसा लाभ नसतो. सुप्त कासदाहाचा उपचारही बहुतेक वेळा गाय आटवताना करणे हितकारक ठरते. म्हणजे एकाच लक्षणाच्या तीन गाई असल्या, तर तिघींना एकच ट्यूब सडात सोडणे चुकीचे. पण तिघींत फरक करायला दुधाचा नमुना तपासावा लागतो, आणि घोडे तिथेच अडते. सुप्त कासदाह ओळखण्याची कॅलिफोर्निया चाचणी गोठ्यातच, चार खळग्यांच्या तबकात, मिनिटभरात होते. तिला यंत्र लागत नाही. ती प्रत्येक दूध संकलन केंद्रावर असायला हवी होती. जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधाने मरतो, हे सांगणाऱ्या तपासणीला मात्र प्रयोगशाळा लागते आणि एक-दोन दिवस लागतात. तेवढे थांबण्याइतका विश्वास पशुपालकाला वाटला पाहिजे.

उपचार चालू असलेल्या गाईचे दूध ठराविक दिवस विक्रीला घालू नये, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. तो पाळणाऱ्याचे नुकसान मात्र त्याच्या एकट्याच्या अंगावर पडते. फेकायचे दूध वासराला पाजले जाते, ही त्यातली दुर्लक्षित गोष्ट. त्या दुधातले थोडेसे औषध वासराच्या आतड्यातल्या जिवाणूंना प्रतिरोधाचा सरावच देते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, तेव्हा ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले. टक्केवारी सव्वाच्या आसपास, म्हणजे घबराट व्हावी अशी नाही. तरीही प्रतिरोधाचा धोका केवळ दुधातल्या अंशांवरून मोजणे चूक आहे. जिवाणू गोठ्यात वाढतात, आणि दूध निर्दोष ठरले तरी गोठ्यातली माती व शेण निर्दोष ठरत नाही.

रोगच उरला नाही तर औषधाचा प्रश्न कसा मिटतो, याचा धडा भारताच्याच इतिहासात आहे. १८८९ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात जनावरांच्या साथींच्या अभ्यासासाठी इंपीरियल बॅक्टेरिओलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख. घातक जंतूंवरचे काम वस्तीपासून दूर आणि थंड हवेत व्हावे म्हणून १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वरला हलवली गेली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. त्या काळी गावेच्या गावे बैलांविना करून टाकणारा रोग होता बुळकांडी. मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२०च्या दशकात बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमधून पुन्हा पुन्हा नेऊन सौम्य केला आणि त्यातून लस निघाली. पुढे केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी पेशीसंवर्धनावर अधिक सुरक्षित लस बनवली. भारताने १९५४ साली राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. शेवटचा उद्रेक १९९५ साली झाला, २००६ साली देश बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त ठरला आणि २०११ साली हा रोग जगातून संपल्याची घोषणा झाली. पहिल्या प्रयोगशाळेपासून या शेवटापर्यंत सुमारे सव्वाशे वर्षे लागली. एवढा धीर कोणत्याही खासगी कंपनीच्या ताळेबंदात बसत नाही. तो सार्वजनिक पैशातच बसतो.

गुरांच्या लंपी त्वचारोगाच्या साथीने याच सार्वजनिक संशोधन व्यवस्थेचे बळ आणि तिचा आळस दोन्ही दाखवले. हा रोग भारतात २०१९ साली प्रथम ओडिशात नोंदवला गेला. २०२२ साली तो राजस्थान-गुजरातेत थैमान घालू लागला आणि ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात, चिनावलला, त्या साथीतली महाराष्ट्रातली पहिली जनावरे आढळली. हातात होती ती शेळ्यांच्या देवीची लस, तीही मुक्तेश्वरच्याच संशोधनातून आलेली. दोन्ही विषाणू एकाच कुळातले असल्याने ती गाईंना टोचली गेली आणि तिने पुष्कळ गाई वाचवल्या. राज्याने दगावलेल्या गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये भरपाई ठरवली. १० ऑगस्ट २०२२ रोजी हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था यांनी खास लंपीच्या विषाणूपासून बनवलेली ‘लंपी-प्रोव्हॅक-इंड’ ही लस जाहीर केली. रांचीच्या जनावरांतून वेगळा केलेला विषाणू प्रयोगशाळेत सौम्य करत नेण्याचे काम संशोधकांनी साथ भडकण्याआधीच हाती घेतले होते. ही खरोखर अभिमानाची गोष्ट आहे. पण या तंत्रज्ञानावरच्या लशीला केंद्रीय औषध नियंत्रकांचा परवाना मिळायला फेब्रुवारी २०२५ उजाडले. परवान्याआधीच्या चाचण्या टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत. तरी साथ चालू असताना अडीच वर्षे हा फार मोठा काळ आहे. लंपीच्या गाठी फुटल्या की जखमांत जिवाणू शिरतात आणि प्रतिजैविक द्यावेच लागते. म्हणून लस जितके महिने उशिरा येते, तितके महिने गावोगाव प्रतिजैविकांच्या सुया टोचल्या जातात.

लाळ-खुरकुताचेही असेच आहे. तोंडातले फोड आणि खुरांतल्या जखमा चिघळतात, पाठोपाठ कासदाह होतो आणि विषाणूच्या रोगावर प्रतिजैविकांचा खर्च चढतो. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांसाठी पाच वर्षांकरिता १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद झाली. लाळ-खुरकुताच्या लशीचे संरक्षण साधारण सहा महिनेच टिकते, म्हणून ती वर्षातून दोनदा टोचावी लागते. बर्फाची पेटी फाट्यावर उन्हात राहिली की लस वाया जाते. मग टोचल्याची नोंद असते, संरक्षण नसते. जास्त दिवस टिकणारी आणि उष्णतेला पुरून उरणारी लस शोधणे हे आजच्या संशोधनातले सर्वांत मोलाचे काम म्हणावे लागेल.

लस प्रतिजैविकांना किती मागे रेटू शकते, याचे सर्वांत लख्ख उदाहरण नॉर्वेचे. तिथल्या सामन माशांच्या शेतीत १९८७ साली सुमारे ५० टन प्रतिजैविके वापरली गेली. माशांच्या जिवाणूजन्य रोगांवर प्रभावी लसी आल्या आणि काही वर्षांत हा वापर कोसळला. आज उत्पादन अनेक पटींनी वाढून वर्षाला १५ लाख टनांच्या घरात गेले आहे आणि प्रतिजैविकांचा वापर एका टनाच्याही आत आहे. तिथे नियम कडक होतेच. पण शेतकऱ्याच्या हातात औषधाऐवजी काहीतरी दिले गेले, म्हणून ते नियम टिकले.

नुसत्या बंदीचेही मोल आहे. कोलिस्टिन हे अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी राखून ठेवायचे शेवटच्या फळीतले औषध. त्याला निष्प्रभ करणारे, प्लाझ्मिडवरून पसरणारे जनुक चीनमध्ये डुकरांत सापडल्याचे नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर झाले. भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्योत्पादनासाठी पाळलेल्या जनावरांत, कुक्कुटपालनात आणि पशुखाद्यात त्याचा वापर बंद केला. हा निर्णय योग्यच होता. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात मिसळली जाणारी प्रतिजैविके २००६ साली सरसकट बंद केली होती, हे लक्षात घेता आपल्याकडे कोलिस्टिनपलीकडेही बरेच करायचे राहिले आहे. बंदी पाळली जाते की नाही, हे कळायला सतत नजर लागते. भारतीय कृषी संशोधन परिषदेने अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने जनावरे आणि मासे यांतल्या प्रतिरोधावर लक्ष ठेवणारे प्रयोगशाळांचे जाळे उभारले आहे. त्याला कायमचा निधी आणि कायमची माणसे हवीत. प्रकल्पाची मुदत संपली की नमुने थांबतात, आणि मधल्या वर्षांत काय बदलले ते कधीच कळत नाही.

औषधाला पर्याय म्हणून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने कासदाहावर कोरफड, हळद आणि चुन्याच्या लेपाचा प्रसार केला आहे. प्रमाण साधे: २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना. असे उपाय केवळ परंपरेचे म्हणून स्वीकारू नयेत आणि त्याच कारणाने धुडकावूही नयेत. कोणत्या जंतूच्या कासदाहात त्यांचा उपयोग होतो आणि कुठे होत नाही, हे नियंत्रित चाचण्यांनी ठरवणे कृषी विद्यापीठांचे कर्तव्य आहे, कारण कोरफडीचे एकस्व कोणाला मिळणार नाही आणि म्हणून या चाचण्यांचा खर्च दुसरे कोणी करणार नाही.

राहिला प्रश्न निदानाचा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा देशातला पहिला बर्ड फ्लू भोपाळच्या प्रयोगशाळेने ओळखला. इतक्या घातक विषाणूसाठी एकच अतिसुरक्षित प्रयोगशाळा असणे बरोबर आहे. कासदाहाच्या दुधाला मात्र तेवढा प्रवास करायला लावणे बरोबर नाही. महाराष्ट्रात पुण्यातल्या औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला इथे आहेत आणि तिथे जंतू वाढवून औषधे तपासण्याचे ज्ञान आहे. दुधाची गाडी रोज गावातून संघाच्या डेअरीकडे जाते. त्याच गाडीत बर्फाच्या डब्यातून आजारी सडाच्या दुधाची बाटली जाऊ शकते आणि एक-दोन दिवसांत अहवाल फोनवर येऊ शकतो. दूध संघांनी हे काम या हंगामातच सुरू करावे आणि तपासणीचा खर्च राज्याने उचलावा.