शेतकऱ्याचा विरोध व्यापाराला नव्हे

गोव्यात शेतजमिनीचा विभाग बदलून तेथे व्यापारी बांधकामे येऊ लागली की गावकरी विरोधाला उभे राहतात. आपले काही व्यापारी बांधव त्यांना ‘विकासाचे वैरी’ म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही.

प्रादेशिक आराखडा 2011 लोकांच्या आंदोलनामुळे सरकारला 2007 मध्ये मागे घ्यावा लागला. पुढे 2023 मध्ये नगर व ग्रामनियोजन कायद्यात 17(2) हे कलम आले. आराखड्यातील चुका दुरुस्त करण्याच्या नावाखाली सुट्या भूखंडांचे विभाग बदलू लागले. शेजारच्या शेतकऱ्याला आधी हरकत घेण्याची सोयच नव्हती. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालील नियम रद्द केले.

खाडीकाठच्या खाजन शेतीत एका तुकड्यात भराव पडला, तरी पाण्याची वाट अडते आणि शेजारचे भात बुडते. ज्याचे पीक गेले, तो आपल्या दुकानी कापड, भांडी, अवजारे कशाच्या जोरावर घेणार? नव्या इमारतीत आपल्याला गाळा मिळेल, या भरवशावर छोट्या कारागिराने राहू नये. तिथले भाडे त्याला पेलेलच असे नाही.

धंद्याला जागा हवी, हे आम्हीही म्हणतो. पण ती ठरवताना सर्व्हे नंबरासह नकाशा पंचायतीत लागावा, हरकतींना मुदत मिळावी, सुनावणी व्हावी. ग्रामसभेत ही मागणी आपण शेतकऱ्यांच्या बरोबरीने करावी. गिऱ्हाईक टिकले तरच दुकान टिकेल.