इटलीची मुक्कामी गाडी

साडूभाऊंनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या एक्सेल शीटमध्ये तेरा रात्रींत नऊ शहरं होती. मिलान, कोमो, व्हेरोना, व्हेनिस, पिसा, फ्लॉरेन्स, सिएना, रोम, नेपल्स. प्रत्येक शहराला वेगळा रंग. खाली बारीक अक्षरात टीप : 'जमल्यास पाँपेई.' ती शीट पाहिली आणि मला मे महिन्यातली सातारा स्टँडची कंट्रोल केबिन आठवली.

एसटीत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून. कागदावर वेळापत्रक किती देखणं दिसतं आणि फलाटावर त्याचं काय होतं, हे ज्यानं रोज पाहिलंय त्याला असल्या शीटची धडकीच भरते. कागदावर सातारा-पुणे अडीच तास. मग खंबाटकीत एखादा ट्रक आडवा होतो, मागच्या तीन फेऱ्या बोंबलतात आणि केबिनच्या खिडकीशी माणसं माझ्या नावानं शिमगा करतात. इटलीत खंबाटकी नाही, पण हिशेब तोच.

फ्लॉरेन्स ते व्हेनिस जलद गाडीनं साधारण सव्वादोन तास, हे खरं. पण ते फलाट ते फलाट. दार ते दार काढा. सकाळी बॅगा भरायच्या, दहाच्या सुमाराला खोली सोडायची, स्टेशन गाठायचं, अर्धा तास आधी पोचून बोर्डाकडे बघत बसायचं. व्हेनिसला उतरल्यावर बोट पकडायची, हॉटेल शोधायचं. तिथं सांगतात, खोली तीनला मिळेल. म्हणजे सव्वादोन तासांच्या प्रवासाला तुमचे सहा तास गेले आणि राहिलेल्या दिवसात पाय बोलायला लागले. नऊ शहरं म्हणजे आठ वेळा हे. तेरा दिवसांतले चार दिवस नुसते बॅगा ओढण्यात. साडूभाऊ पुण्यात बँकेत होते, त्यांना हा हिशेब आकड्यांत मांडून दाखवला. पटला, पण रुचला नाही. "पिसाला न जाता इटली पाहिली असं लोकांना सांगायचं?" हा त्यांचा प्रश्न. मी म्हटलं, लोकांना फोटो दाखवू, मनोरा कलता आहे हे त्यांना माहीत आहे.

शेवटी तीन मुक्काम ठरले. व्हेनिस तीन रात्री, बोलोन्या पाच, रोम पाच. जाताना मुंबईहून दोहामार्गे थेट व्हेनिसला उतरायचं आणि परत फिरायचं ते रोमहून. विमानाचं तिकीट काढताना 'मल्टी-सिटी' असा पर्याय असतो. भाड्यात फारसा फरक पडला नाही, आणि रोमहून पुन्हा व्हेनिसला जाण्याचे चार तास वाचले. आपल्याकडचे कितीतरी लोक सवयीनं जाऊन-येऊन एकाच गावाचं तिकीट काढतात आणि शेवटचा दिवस उलट्या प्रवासात घालवतात.

बोलोन्या का, हे मेहुणीनं दहा वेळा विचारलं. त्या गावाचं नाव आमच्यात कुणी ऐकलं नव्हतं. मी नकाशा बघून ठरवलं. पुणे विभागात कराडचं जे स्थान तेच इटलीच्या रेल्वेत बोलोन्याचं, सगळ्या वाटा तिथून फुटतात. फ्लॉरेन्स जलद गाडीनं चाळीस मिनिटांच्या आत, म्हणजे साताऱ्याहून कराडला लागतो त्याहून कमी वेळ. व्हेनिस दीड तास, रोम दोन तासांच्या थोडं वर. राव्हेन्ना साध्या गाडीनं सव्वा तास. शिवाय खोल्या फ्लॉरेन्सपेक्षा स्वस्त. १०८८ सालापासूनचं विद्यापीठ, त्यामुळे गावात पोरंपोरीच दिसतात. आणि कमानींचे छतवाले फुटपाथ, सगळे मिळून ६२ किलोमीटर. आम्ही तिथं असताना दोन दिवस धो धो पाऊस पडला; छत्री बॅगेतून काढली नाही.

आता जे घरातून निघण्यापूर्वीच करावं लागतं ते. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उशीर कराल तर तारीख मिळवताना नाकी नऊ येतात. मोठ्या माणसाला ९० युरो फी, वर किमान ३०,००० युरोचं विमा संरक्षण. राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं, म्हणून ते रद्द करता येणारंच घ्या. आमच्या ओळखीच्या एका एजंटानं एक हॉटेल परतावा न मिळणारं घेऊन ठेवलं आणि व्हिसा आला तो निघण्याच्या चार दिवस आधी. तोवर बायकोनं माझ्याशी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. रेल्वेची तिकिटं व्हिसानंतर. जलद गाड्यांची लवकर काढलेली तिकिटं स्वस्त पडतात, पण सगळ्यांत स्वस्त तिकिटावर गाडी चुकली की पैसे गेले.

बायकोनं ताईच्या मुलीसाठी कंदी पेढे घेतले होते, ती मुलगी रोमला येऊन भेटणार होती. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे मुंबईत विमानतळावर आम्हीच उभ्यानं संपवले. मेतकूट आणि लसणीची चटणी मात्र गेली, आणि चटणीनं फार साथ दिली. शाकाहारी मंडळींना एक सांगतो, तिथल्या परमेसान चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं. ज्यांना हे चालत नाही त्यांनी मारिनारा पिझ्झा मागावा : टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीज अजिबात नाही. आणि दुपारी तीन ते सात जेवण शोधू नये. पुष्कळ ठिकाणी स्वयंपाकघरच बंद असतं, रात्रीचं जेवण साडेसातनंतर. साडूभाऊंना साडेसहाला जेवायची सवय. त्यांचे रोज हाल.

तिथली बरीच सरकारी संग्रहालयं सोमवार पाळतात. फ्लॉरेन्सची उफीझी आणि मिकेलांजेलोचा 'डेव्हिड' जिथं आहे ती अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, महिन्यातला शेवटचा रविवार सोडून. म्हणजे आधी वार बघायचा आणि मग गावं मांडायची. कलोसियमचं तिकीट आता नावानिशी आणि ठरावीक वेळेचं मिळतं, पासपोर्टवरच्या नावात अक्षराचाही घोळ नको. माझा नियम असा की घड्याळाला बांधलेलं तिकीट दिवसाला एकच. साडूभाऊंनी रोममध्ये एका दिवसात तीन घेतली होती. तिसऱ्या ठिकाणी मेहुणी बाकावर बसली ती म्हणाली, "भाऊजी, आत काय आहे ते तुम्हीच येऊन सांगा."

स्टेशनवरची गंमत वेगळीच. व्हेनिसहून निघायच्या दिवशी साडूभाऊ मोठ्या बोर्डाखाली घामाघूम. बोलोन्या कुठंच दिसेना. अहो, दिसणार कसं? बोर्डावर गाडीचं शेवटचं गाव लिहितात. कोल्हापूर स्टँडवर साताऱ्याला यायला कुणी साताऱ्याचा बोर्ड शोधत बसतं का? पुण्याची गाडी बघायची आणि बसायचं. आमची गाडी रोमची होती, बोर्डावर 'रोमा'. त्यातून गावांची नावंही त्यांच्या बोलीतली : फ्लॉरेन्स म्हणजे 'फिरेंझे', नेपल्स 'नापोली', व्हेनिस 'व्हेनेझिया'. म्हणून तिकिटावरचा गाडी क्रमांक पाठ करावा आणि 'बिनारियो' म्हणजे फलाट, एवढा एक शब्द. बोलोन्यात बऱ्याच जलद गाड्या १६ ते १९ या फलाटांवरून सुटतात आणि ते फलाट जमिनीखाली खोल आहेत. सरकत्या जिन्यांनी उतरायला चांगली दहा मिनिटं हाताशी हवीत. व्हेनिसचं असंच : 'मेस्त्रे' हे अलीकडचं, खुष्कीवरचं स्टेशन. खरं व्हेनिस पुढचं, 'सांता लुचिया'.

मेस्त्रेत हॉटेलं स्वस्त मिळतात म्हणून पुष्कळ जण तिथं उतरतात. मी म्हणेन, पैसे दुसरीकडे वाचवा. दिवसभराची गर्दी ओसरल्यावर रात्री नवाला गल्ल्यांत पाण्याचा आवाज ऐकू येतो, ते व्हेनिस मेस्त्रेत झोपणाऱ्याला भेटत नाही. बोटीचं एक तिकीट साडेनऊ युरो, ७५ मिनिटांचं. तेव्हा दिवसाचा पास घ्या नाहीतर चाला. चालायचं तर बॅग लहान हवी, कारण प्रत्येक पुलाला पायऱ्या. स्टेशनपासून हॉटेलपर्यंत बायकोनं चार पूल मोजले, आणि प्रत्येक पुलावर माझ्याकडे बघितलं. मोठी बॅग घ्यायचा आग्रह माझा होता. २०२४ पासून तिथं एप्रिल ते जुलैमधल्या काही ठरावीक दिवशी, फक्त दिवसापुरत्या येणाऱ्यांना प्रवेश शुल्क लावलंय. मुक्कामाला असाल तर ते माफ, पण तशी नोंद आधी करावी लागते.

साध्या, म्हणजे 'रेजिओनाले' गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून आपणच छापून घ्यायचं, गाडीत चढायच्या आधी. विसरलात तर तिकीट असूनही दंड. मला हे फार आवडलं. आमचे कंडक्टर टिकटिक करत तिकिटाला भोक पाडायचे, इथं पॅसेंजरच स्वतःचा कंडक्टर. राव्हेन्नाला जाताना मी चौघांची तिकिटं एकट्यानं छापली, कुणाला हात लावू दिला नाही.

संपांबद्दलही बोललं पाहिजे. 'शोपेरो' हा शब्द कानावर पडला की आपले लोक घाबरतात. तिथं वाहतुकीच्या संपाची तारीख आधी जाहीर होते, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी सहा ते नऊ लोकल गाड्यांची ठरलेली सेवा चालू ठेवावी लागते. आम्हाला एक अर्धा दिवस संप लागला. साडूभाऊ संपकऱ्यांना नावं ठेवायला लागले, तेव्हा मी विषय बदलला.

माझा हिशेबही एका ठिकाणी चुकला. फ्लॉरेन्स दोन दिवस येऊन-जाऊन करायचं, असं मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही नदीपलीकडच्या टेकडीवर, पियाझाले मिकेलांजेलोवर बसलो होतो. खाली आर्नो, समोर कॅथेड्रलचा तांबडा घुमट, सूर्य डोंगराच्या दोन वीत वर. आणि माझी सातची गाडी, तीही स्वस्तातली, न बदलणारी. सहाला उठवलं सगळ्यांना. बायको एकदा म्हणाली, "अहो, थांबा ना जरा." मी थांबलो नाही. जन्मभर गाडी वेळेवर सोडायची सवय. उतरताना मागं वळून बघितलं तर घुमट तेव्हा कुठं पेटायला लागला होता. परतीचं तिकीट रात्री उशिराच्या गाडीचं काढायला हवं होतं, नाहीतर फ्लॉरेन्सला एक रात्र तरी. बायकोनं हे अजून विसरलेलं नाही, आणि तिचं बरोबर आहे.

बोलोन्याच्या पाच दिवसांतला एक दिवस मी शीटमध्ये कोरा ठेवला होता. डेपोत एखादी गाडी हाताशी उभी ठेवावी, तसा. साडूभाऊंनी त्या रकान्यात दोनदा 'पार्मा?' असं लिहिलं, मी दोनदा पुसलं. त्या दिवशी सकाळी नाश्त्याला मी म्हटलं, फोर्लीला जाऊ. रिमिनीच्या मार्गावरचं साधं गाव, कुठल्याही सहलीत नसतं.

शाळेत आम्हाला नामदेव जाधवांची गोष्ट होती. निमजचे, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातले. मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई. ९ एप्रिल १९४५ला सेनियो नदीच्या काठी त्यांनी जखमी सोबत्यांना भर गोळीबारात नदीपार नेलं आणि परत येऊन मशीनगनच्या चौक्या बंद पाडल्या. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ती सेनियो म्हणजे फोर्लीच्या वायव्येला, फार लांब नाही. रायगडमधल्या पळसगावचे यशवंत घाडगे यांना आदल्या वर्षीच्या, १० जुलै १९४४च्या तिबेर नदीच्या खोऱ्यातल्या लढाईसाठी तोच क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ मोन्तोने गावात २०२३ मध्ये बसवलंय, पण तिथवर रेल्वे जात नाही. फोर्लीला जाते. तिथं भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे, आणि ज्यांना अग्नी दिला गेला अशा जवळपास ८०० जणांचं स्मारक.

स्टेशनवरून टॅक्सी केली. चालकाला नकाशावर बोट ठेवून दाखवलं. आत गवत नीट कापलेलं, आमच्याशिवाय कुणी नाही. पाटीवर नावं इंग्रजीत कोरलेली. मेहुणी मोठ्यानं वाचत गेली आणि अर्ध्या वाटेत तिचा आवाज बारीक झाला. भिंतीतल्या कोनाड्यात अभ्यागतांची वही असते. साडूभाऊंनी ती उघडली, खिशातलं पेन काढलं, नाव मराठीत लिहिलं आणि थांबले.

"गाव काय लिहू हो? आता राहतो ते, की मूळचं?"

"मूळचं लिहा."

ते बराच वेळ लिहीत होते. टॅक्सीचं मीटर बाहेर चालूच होतं, ते मीच जाऊन बघून आलो.