घोरपडीची माती

दोन महिन्यांपूर्वीं अमेरिकेंतील आमच्या भाच्याचें पत्र आलें. त्याच्या मुलानें तेथील कायद्यास धरून आफ्रिकी जातीची एक घोरपड पाळली आहे. दुकानदाराच्या सांगण्यावरून पेटींत लाकडाचा भुसा अंथरला. परंतु जनावर मलूल असतें, बोटांवरची कात सुटत नाहीं. "मामा, तुमचा जन्म निर्मळच्या वाडींत गेला. खालीं काय घालावें?"

अमरकोशांत धनुर्धराच्या हातावरील चामड्याच्या पट्ट्यासही 'गोधा' म्हटलें आहे, एवढें आम्ही वर्गांत सांगत असूं. तिच्या अंथरुणाचा विचार मात्र कधीं केला नव्हता! तेव्हां केळींच्या बांधावर जाऊन घोरपडीनें सोडलेलें एक बीळ पाहिलें. तोंडाशीं धूळ, हातभर आंत माती थंड, ओलसर, आणि छत कोठें ढांसळलेलें नाहीं.

सारें मर्म तेथेंच आहे. घोरपड अंगांतलें पाणी राखते तें बिळाच्या ओलाव्यावर. भुसा, खडी किंवा जुनीं वर्तमानपत्रें यांत बीळ टिकत नाहीं. वरून दिव्याची ऊब, खालीं कोरडें, मग मूत्रपिंडें बिघडतात. खत व औषध न पडलेली माती घ्यावी, तींत वाळू मिसळावी, थर निदान 2 फूट असावा. मूठ आवळली असतां लाडू वळला पाहिजे, पाणी मात्र गळूं नये. असें आम्हीं कळविलें.

हें ऐकून नातू म्हणाला, "आजोबा, आपणही बांधावरची एक आणूं या!" त्यास बसवून सांगितलें, कीं 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत आपली घोरपड आहे, ती धरणें वा पाळणें हा गुन्हा असून शिक्षा 3 ते 7 वर्षें कैदेची. शिवाय मादी वारुळांत वीसेक अंडीं घालते, तीं फुटावयास सहा-आठ महिने लागतात. तेवढा काळ ऊब व ओल संभाळणें कोणत्या पेटीस साधेल?

बोलतां बोलतां आम्हींच चपापलों. तो बांध सिमेंटानें लिंपण्याचें धाकट्या बंधूंनीं ठरविलें होतें, गवंड्यास विसारही दिला होता. वारुळाकडचा भाग मातीचाच राहूं द्या म्हणतांच त्यांनीं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशीं स्वतःच जाऊन तेवढ्या जागेस काटेरी कुंपण घालून आले.

काल भाच्याचें उत्तर आलें. माती घातल्याबरोबर घोरपडीनें बीळ केलें, आणि आठवडाभर ती दिवसाकाठीं घटकाभरच बाहेर येते. मुलगा आमच्यावर रुसला आहे.