नळीत फुंकले नाही, म्हणून लायसन्स गेले: परिवहन आयुक्तांना खुले पत्र

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

मी वकील आहे. अपघाताचे दावे आणि आरटीओची प्रकरणे हे माझे रोजचे काम. सुरुवातीलाच सांगून टाकते, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची रदबदली करायला हे पत्र लिहिलेले नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला आणि पुढे रक्ताचे नमुनेच बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. त्याच वर्षी जुलैत वरळीला बीएमडब्ल्यूखाली एक बाई गेली आणि गाडी चालवल्याचा आरोप असलेला तरुण दोन दिवसांनी पोलिसांच्या हाती लागला. प्यायलेला असो वा नसो, दोन दिवसांनी रक्तात काय उरणार? दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचे लायसन्स तीन महिने काय, जन्मभरासाठी गेले तरी माझी हरकत नाही.

माझी हरकत वेगळ्याच फाइलींना आहे. नाकाबंदीत ज्याने मशीनमध्ये फुंकले नाही, किंवा फुंकले पण मशीनने घेतले नाही, अशा माणसाची फाइल. तिच्यात पोलिसांचे एक पत्र, लायसन्सची प्रत आणि शेऱ्याच्या जागी एकच ओळ असते: ‘श्वासचाचणीस नकार दिला.’ मशीनची छापील पट्टी नाही, कारण आकडाच नाही. डॉक्टरचा कागद नाही, रासायनिक विश्लेषकाचा (सी.ए.) रिपोर्ट नाही. पाठोपाठ आपल्या कार्यालयाचा छापील आदेश येतो. त्यात नाव, लायसन्स क्रमांक आणि तारीख हाताने भरलेली असते. कारणांच्या रकान्यात पोलिसांचीच ओळ उतरवून घेतलेली. तीन महिने अपात्र.

माझ्याकडे आलेला एक टेम्पोचालक दम्याचा जुना रोगी आहे. पंप खिशात घेऊनच गाडीवर बसतो. या मशीनला काही सेकंद एका दमात, न थांबता फुंकर लागते. ती अर्ध्यावर तुटली की मशीन चाचणी धरत नाही. त्याने दोन-तीनदा प्रयत्न केला, खोकला आला, मागे गाड्यांची रांग लागली, हवालदाराचा संयम सुटला आणि कागदावर ‘नकार’ पडला. त्याला ठाण्यात नेले नाही, रक्त घेतले नाही. लायसन्स मात्र ठेवून घेतले. रक्त घेतले असते तर त्याच रात्री सोक्षमोक्ष लागला असता.

आणि रक्त घ्या असे कायदाच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम २०३ म्हणते की, चालकाने श्वास दिला नाही किंवा त्याला देता आला नाही, आणि तो प्यायला असल्याचा संशय घ्यायला सबळ कारण असेल, तर पोलीस त्याला वॉरंटशिवाय अटक करू शकतात. ठाण्यात त्याला फुंकायची आणखी एक संधी द्यायची. तिथेही नाही म्हणाला तर कलम २०४ खाली डॉक्टरकरवी रक्ताचा नमुना मागायचा. कलम २०२ त्याला मुदत घालते: अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी, नाहीतर माणूस सोडावा लागेल.

या दोन तासांमागे शरीराचे साधे गणित आहे. मद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आणि शरीर ताशी साधारण १५ मिलिग्रॅम उतरवते. रात्री साडेबाराला साठावर असलेला माणूस अडीचला तिसाच्या काठावर येतो. पहाटे त्याचे रक्त घेतले काय आणि न घेतले काय, सारखेच. घेण्याचीही रीत आहे. दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवून सुई टोचली तर उद्या न्यायालयात त्या नमुन्याची चिरफाड होते, हे ड्युटीवरच्या नवख्या डॉक्टरला कुणी सांगितलेले असतेच असे नाही.

‘नकार’ लिहून फाइल बंद केली की काय होते? न प्यायलेल्या दमेकऱ्याचे लायसन्स जाते, हे झालेच. पण खरोखर तर्र असलेल्याचे काय? त्याच्यावर दारू पिऊन गाडी चालवल्याचा, कलम १८५ चा खटला उभा राहतो तेव्हा हातात आकडाच नसतो. तोंडाला वास येत होता, झोकांड्या जात होत्या, एवढ्यावर माणूस नशेत होता असे ठरवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सांगून ठेवले आहे. तो सुटतो, आणि सुटलेला माणूस त्याच निकालाची प्रत घेऊन आपल्या आदेशाविरुद्ध अपिलात येतो. माझ्या व्यवसायातल्या मंडळींना हे चांगले ठाऊक आहे. म्हणून तर ‘फुंकूच नका’ असा सल्ला बारच्या बाहेर फुकट मिळतो.

त्या सल्ल्याला घटनेचा आधार आहे असेही काही जण छातीठोकपणे सांगतात. तसा आधार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको, हे कलम २०(३) चे संरक्षण बोटांच्या ठशांना किंवा हस्ताक्षराच्या नमुन्याला लागू नाही, असे अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने १९६१ मध्ये मुंबई राज्याच्याच प्रकरणात ठरवले. श्वास आणि रक्त त्याच रांगेतले. तेव्हा नाही म्हणण्याचा हक्क वगैरे बोलण्यात अर्थ नाही.

पण ‘नाही’ म्हटले म्हणजे प्यायला होता, असेही कायदा म्हणत नाही. कलम २०५ नुसार, योग्य कारण दाखवले नाही तर नकार हा पोलिसांच्या इतर पुराव्याला दुजोरा देणारी गोष्ट म्हणून धरता येतो. मुळात इतर पुरावा हवा, आणि चालकाला कारण सांगायची संधी हवी. शिवाय हे कलम १८५ च्या खटल्यापुरते आहे. लायसन्सच्या कारवाईत ते जसेच्या तसे उचलून आणता येत नाही. फुंकायला नाही म्हणणे ही स्वतंत्रपणे फार तर कलम १७९ ची आज्ञाभंगाची बाब, कायद्यात दंड २,००० रुपयांपर्यंत. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत नुसत्या नकारावर लायसन्स निलंबित होते, कारण तिथे तसा कायदा लिहिलेला आहे. आपल्या संसदेने २०१९ मध्ये हा कायदा चांगला कडक केला, पण नकाराला तशी वेगळी शिक्षा ठेवली नाही. संसदेने जे केले नाही ते छापील फॉर्मने करू नये.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर पोलीस लायसन्स जप्त करून आपल्याकडे पाठवतात. निर्णय आपल्या अधिकाऱ्यांचा असतो. लायसन्स निलंबित करणे हे पोलिसांचे काम नव्हे, असे कोलकाता उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये बजावले आहे. कलम १९ आपल्याला दोन वाटा देते: म्हणणे ऐकून चालकाला मोकळे करा, किंवा सविस्तर कारणे लिहून पहिल्या वेळी तीन महिने अपात्र ठरवा. पहिली वाट कुणी चोखाळल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. ‘सुनावणी’ म्हणजे खिडकीवर सही. तिथे मी दम्याचे कागद पुढे केले तर उत्तर मिळाले, ‘मॅडम, हे अपिलात दाखवा.’ अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून तीस दिवस. पण आदेशात कारणच नसेल तर अपिलात खोडायचे काय?

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. जप्तीच्या वेळी मिळणाऱ्या पावतीवर गाडी चालवता येत नाही, असे कलम २०६ स्पष्ट म्हणते. म्हणजे सुनावणी व्हायच्या आधीच चालक घरी बसतो. तारीख महिनाभराने पडली तर तो महिना कुठल्या हिशेबात? नोकरदार माणूस रिक्षाने ऑफिसला जाईल. रिक्षावाल्याने काय करायचे?

म्हणून आपल्याकडे एका परिपत्रकाची मागणी आहे. पोलिसांकडून ‘नकारा’चे प्रकरण आले की अधिकाऱ्याने आधी पाहावे: संशयाचे कारण काय लिहिले आहे, ठाण्यात दुसरी संधी कधी दिली, रक्तासाठी डॉक्टरकडे पाठवल्याचे पत्र कुठे आहे, आणि पाठवले नसेल तर का नाही. हे कागद नसतील तर फाइल ठाण्याला परत पाठवावी आणि लायसन्स चालकाला द्यावे. कागद असतील तर जप्तीपासून पंधरा दिवसांत सुनावणी घ्यावी, चालकाने दिलेले कारण मान्य की अमान्य आणि का, हे आदेशात लिहावे, आणि जप्तीपासूनचे दिवस तीन महिन्यांत धरावेत. अशा दोन-चार फाइली परत गेल्या की नाकाबंदीवरचे पोलीस आपोआप रक्त घ्यायला लागतील, आणि बारबाहेरचा तो फुकटचा सल्लाही बंद पडेल.

याला विधिमंडळात जावे लागत नाही, खर्चही नाही. आपल्या सहीचा एक कागद पुरे. ३१ डिसेंबरच्या नाकाबंदीआधी तो निघावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वकील