पोर कुणाचं?

परवा एका व्याख्यानाला गेलो. विषय : पौर्वात्य तत्त्वज्ञानात माणूस मुळात चांगला की वाईट? प्राध्यापकांनी चीनचा मेन्सियस काढला, इ.स.पूर्व चौथ्या शतकातला. तो म्हणतो, रांगतं पोर विहिरीत पडताना दिसलं की कुणाच्याही काळजात चर्र होतं. आईबापाची मर्जी राखायला नाही, गावात नाव व्हावं म्हणूनही नाही. म्हणून माणूस मुळात चांगला.

माझ्या डोक्यात एकच : पोर कुणाचं? विहीर कुणाची? आपल्या गावांनी हे आधी विचारलंय, म्हणून आपल्यालाही खोड लागलीय. मेन्सियस विचारत नाही. त्याच्या पोराला आडनाव नाही.

मग शून्झी आला, पुढच्या शतकातला. तो म्हणतो, माणूस मुळात वाईट. वाकडं लाकूड वाफेवर धरून सरळ करतात तसा शिकवून घडवावा लागतो. झालं, सभागृहात दोन पार्ट्या!

पण दोस्तहो, खरी गंमत कुणी बोललंच नाही. पहिला म्हणतो, कुणीही माणूस याओ-शुनसारखा राजर्षी होऊ शकतो. दुसरा म्हणतो, रस्त्यावरचा माणूससुद्धा यू राजासारखा होऊ शकतो. भांडण काहीही असो, स्वभाव सगळ्यांचा एकच. शून्झी तर म्हणतो, राजघराण्यातली पोरं नीट वागत नसतील तर खाली सामान्यांत टाका, सामान्याचं पोर शिकलं-सवरलं तर वर घ्या. (क्रांतिकारक दोघंही नव्हते. डोक्यानं राबणाऱ्यानं राज्य करावं, अंगानं राबणाऱ्यानं त्याला पोसावं, हे मेन्सियसचंच. त्याला ओवाळायला मी बसलेलो नाही.)

आणि आपल्याकडं? गीतेचा १८ वा अध्याय उघडा. श्लोक ४१ : स्वभावातल्या गुणांप्रमाणे चार वर्णांची कामं वाटलेली. ४४ : शूद्राच्या स्वभावात सेवा. आपण तर त्या चारांतही नाही! इथं चांगला की वाईट हा सवालच येत नाही, स्वभावच चार पाडलेत. पंडित म्हणतात, गुण म्हणजे जन्म नव्हे. मग ४७ वा श्लोक कशाला? दुसऱ्याचं काम उत्तम जमलं तरी आपलंच बरं, उणं असलं तरी. च्यायला, जमतंय तरी करायचं नाही?

बुद्धानं वासेट्ठ सुत्तात सरळ सांगितलं होतं : गवतात, किड्यांत, जनावरांत जन्मानं वेगळ्या खुणा असतात, माणसांत नाहीत.

मी उठून हे विचारलं. प्राध्यापक म्हणाले, "हा सामाजिक प्रश्न झाला. आपला विषय तत्त्वज्ञान आहे."

पुढच्या महिन्यात तिथंच गीतेवर व्याख्यान आहे. तिन्ही श्लोक पाठ करून या. मी पुढच्या रांगेत बसणाराय.