भेद पुसावा, नाव पुसू नये

जयंती जवळ आली की वस्तीतील तरुण मंडळी गाण्यांची जुळवाजुळव करू लागतात. पूर्वी हे काम कॅसेटवर चाले, आता मोबाईलवर चालते. कोणते गाणे आधी लावायचे, कोणते गाळायचे, यावर वादही होतात. पुष्कळांना हा पोरखेळ वाटतो. वास्तविक गाणी निवडून, त्यांची संगती लावून लोकांपुढे ठेवणे हे जबाबदारीचे काम आहे. बाजाराने टाकून दिलेली, मोठ्या कंपन्यांनी दारात उभी न केलेली कितीतरी गाणी अशा संग्रहांमुळेच जिवंत राहिली. कोणाचे गाणे टिकेल आणि कोणाचे नाव पुसले जाईल, हे बरेचदा संग्रह करणाराच ठरवीत असतो. आज या विषयाची दोन परदेशी उदाहरणे पाहू आणि मग आपल्या घरच्या कॅसेटच्या पेटीकडे वळू.

एका देशात दोन पाणवठे

अमेरिकेत १९२० नंतर रेकॉर्ड कंपन्यांनी गाण्यांची वाटणी वर्णावरून केली होती. काळ्या गायकांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड’ म्हणून एका यादीत. खेड्यापाड्यातील गरीब गोऱ्यांच्या तबकड्या ‘हिलबिली’, म्हणजे डोंगरी-गावंढळ, म्हणून दुसऱ्या यादीत. कोलंबिया कंपनीने तर दोघांचे क्रमांकच निराळे ठेवले होते. काळ्यांची मालिका १४००० पासून आणि गोऱ्या खेडुतांची १५००० पासून. गाणी पुष्कळदा तीच, वाद्ये तीच, दारिद्र्यही तेच. परंतु यादी निराळी. आपल्याकडे एकाच गावात दोन पाणवठे असत, तसाच हा प्रकार.

१९२९ च्या मंदीनंतर या तबकड्या खपेनाशा झाल्या. कंपन्यांनी गायकांकडे पाठ फिरवली. पुढे दुसरे महायुद्ध आले. त्या काळी तबकड्यांत लाख वापरत आणि ती लाख मुख्यतः आपल्या देशातून, छोटा नागपूरसारख्या भागातील आदिवासींच्या कष्टातून तिकडे जात असे. युद्धात लाखेची टंचाई झाली. १९४२ साली अमेरिकन सरकारने रेकॉर्डसाठी लाख वापरण्यावर कडक निर्बंध घातले आणि जुन्या तबकड्या वितळविण्यासाठी गोळा होऊ लागल्या. एका पिढीचा आवाज भट्टीत जाण्याची वेळ आली होती.

त्या ढिगाऱ्यांतून तबकड्या उचलून घरी नेणाऱ्यांत हॅरी स्मिथ नावाचा एक तरुण होता. जन्म १९२३ चा. तो चित्रे काढी, प्रायोगिक चित्रपट करी आणि खिसा बहुधा रिकामाच असे. पुढे न्यूयॉर्कमध्ये मोझेस अ‍ॅश यांच्या फोकवेज या लहानशा स्वतंत्र कंपनीशी त्याची गाठ पडली. १९५२ साली या दोघांच्या प्रयत्नातून ८४ गाण्यांचा, सहा लाँग-प्ले तबकड्यांचा संग्रह निघाला. त्याचे नाव ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’. यातील गाणी मुख्यतः १९२७ ते १९३२ या काळात निघालेली आहेत. ज्या १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याला हात लावून माणुसकीचा हक्क सांगितला, त्याच सुमारास तिकडे शेतमजूर, गिरणी-खाणीतील कामगार आणि आंधळे रस्त्यावरचे गायक यंत्रापुढे बसून आपले सुखदुःख गात होते.

नाव ठेवले म्हणून माणूस सापडला

स्मिथने काय केले? त्याने ती दोन यादींची भिंत पाडली. कथागीते, नाच-प्रार्थनेची समूहगीते आणि इतर गाणी असे तीन भाग त्याने पाडले. पण कोण काळा, कोण गोरा, याचा कोठेही उल्लेख केला नाही. काळ्या गायकाच्या शेजारी गोरा गायक बसविला. ऐकणाऱ्यांनी गाणे ऐकावे, कातडे पाहू नये. मिसिसिपी जॉन हर्ट हा काळा गायक. परंतु त्याचा हळुवार आवाज ऐकून कित्येकांनी त्याला वर्षानुवर्षे गोरा समजून घेतले होते!

मात्र स्मिथने आणखी एक गोष्ट केली आणि तीच मला अधिक महत्त्वाची वाटते. त्याने वर्ण पुसला, पण नाव पुसले नाही. संग्रहासोबत त्याने स्वतः तयार केलेली एक पुस्तिका होती. प्रत्येक गाण्याला क्रमांक, गाणाऱ्याचे नाव, ध्वनिमुद्रणाची तारीख, मूळ तबकडीचा नंबर आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखा गाण्याचा दोन ओळींचा सारांश. गरिबाचे गाणे आहे, कशाला एवढी टिपणे, असे त्याने म्हटले नाही.

याचे फळ पहा. जॉन हर्टने १९२८ साली थोडी गाणी रेकॉर्ड केली होती. मग कंपनी त्याला विसरली आणि तो मिसिसिपी राज्यातील आपल्या गावी शेतात राबत राहिला. १९५२ च्या संग्रहात त्याची दोन गाणी नावानिशी आली. ती ऐकून लोक विचारू लागले, हा माणूस आहे तरी कोठे? त्याच्या आणखी एका जुन्या तबकडीत त्याने आपल्या गावाचे नाव गायिले होते – अ‍ॅव्हलॉन. त्या एका शब्दाचा माग काढीत १९६३ साली संगीताचे चाहते त्याच्या घरी पोहोचले. हर्ट तेव्हा सत्तरीत होता. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या मोठ्या संगीत महोत्सवात गायिला, पुन्हा तबकड्या निघाल्या आणि १९६६ साली मरेपर्यंत त्याला मान मिळाला. नाव आणि गाव, दोन्ही टिकले म्हणून माणूस सापडला. ज्यांची नावे तबकडीवर नव्हती ते कायमचे हरवले.

कच्चा आवाज, खरा आवाज

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. तेथे क्रास नावाचा एक बंडखोर गायक-वादकांचा गट होता. एसेक्समधील एका जुन्या शेतघरात ही मंडळी एकत्र राहत आणि स्वतःच तबकड्या काढीत. यापेक्षा जास्त पैसे देऊ नका, असे ते तबकडीच्या वेष्टणावरच छापीत, म्हणजे दुकानदाराला ग्राहक लुबाडता येऊ नये. त्यांच्याकडे देशभरातील पोरे घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटी पाठवीत. कोणाला सूर येत नसे, कोणाचे वाद्य धड नसे. क्रासने त्यातून निवड करून १९८०, १९८२ आणि १९८४ असे तीन संग्रह काढले. त्यांच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘थापा ओळखणारे यंत्र’ असा होतो.

निवडीची कसोटी गोड गळा ही नव्हती. गाणाऱ्याला काही सांगायचे आहे काय, एवढेच ते पाहत. ध्वनिमुद्रण कच्चे आहे ही गोष्ट त्यांनी लपविली नाही. त्यातील बहुतेक गट पुढे ऐकू आले नाहीत. पण १९८२ च्या संग्रहात चंबावांबा नावाचा एक अनोळखी गट होता, तो १९९७ साली जगभर गाजला. दार उघडे ठेवले की कोण आत येईल, हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

संग्रह करणाऱ्याचे ऋण

या उदाहरणांचे केवळ गोडवे गाऊन चालणार नाही. फोकवेजने १९५२ चा संग्रह काढताना मूळ कंपन्यांची परवानगी घेतली नव्हती आणि बहुतेक गायकांच्या हाती त्यातून काही पडले नाही. नाव मिळाले, पण घामाचे दाम मिळाले नाही. परवानग्यांचा प्रश्न १९९७ साली संग्रह पुन्हा निघाला तेव्हा मार्गी लागला. दुसरीकडे, अ‍ॅश यांनी आपल्या कंपनीच्या दोन हजारांहून अधिक तबकड्या, खपोत वा न खपोत, यादीतून कधी काढल्या नाहीत. १९८६ साली ते वारले. पुढच्या वर्षी स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेने हा ठेवा घेतला, तोही सर्व तबकड्या उपलब्ध ठेवण्याच्या अटीवर.

आणखी एक प्रश्न आहे. जुने ते सर्वच जपावे काय? २०२० साली अमेरिकेतील एका लहान कंपनीने स्मिथच्या त्याच तबकड्यांच्या मागच्या बाजूची गाणी प्रसिद्ध केली. त्यातील तीन गाण्यांत काळ्यांना हिणविणारे शब्द होते. ती गाणी कंपनीने संग्रहातून वगळली आणि तसे जाहीरपणे सांगितले. अभ्यासकांसाठी सर्व काही जपून ठेवावे, परंतु चार माणसांत, लेकराबाळांपुढे वाजवायचे ते निवडूनच वाजवावे, असा याचा अर्थ मी घेतो. आपल्या गाण्यांतही बाईमाणसाला खाली पाहायला लावणारे काही असेल, तर तेथेही हीच कसोटी लावली पाहिजे.

आपल्या घरची पेटी

वाचकहो, संग्रह करणे आपल्याला नवे नाही. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला भिक्खू जमले आणि त्यांनी धम्म-विनय एकत्र केला, त्याला आपण संगीती म्हणतो. सुत्ताच्या आरंभी ते कोठे सांगितले गेले, हे सांगितलेले असते. थेरगाथा आणि थेरीगाथा हे तर भिक्खू-भिक्खुणींच्या उद्गारांचे संग्रहच आहेत आणि त्यांत बहुतेकांची गाथा त्यांच्या नावानिशी आहे. वाळलेली फुले झाडून पोट भरणारा सुनीत आणि थंडीत नदीवर पाणी भरणारी दासी पुण्णिका, यांची नावे आज अडीच हजार वर्षांनी आपल्याला ठाऊक आहेत. संघात जात गळून पडली, नाव राहिले.

आणि आज आपण काय करतो? १९३० नंतर जलसेकारांनी गावोगाव फिरून बाबासाहेबांचा विचार गाण्यातून पोहोचविला. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) हजारो गीते लिहिली. शेवटच्या कडव्यात ते आपले नाव गुंफीत, म्हणून त्यांची गीते निदान ओळखू तरी येतात. पण मोबाईलवरून फिरणाऱ्या कितीतरी गाण्यांवर आज केवळ ‘भीमगीत’ एवढाच शिक्का असतो. कवी कोण, गायक कोण, ढोलकी कोणाची, कोणास ठाऊक! ज्यांना व्यवस्थेने शतकानुशतके निनावी ठेवले, त्यांना आपणच पुन्हा निनावी करावे काय?

उलट चांगले उदाहरणही आपल्याच भूमीत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. माजलगावच्या भीमनगरातील बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या, त्या याच कामात. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या उपक्रमातून या ओव्या लोकांपुढे आल्या आणि प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव व गाव दिलेले असते.

मग आपण घरी काय करावे? माळ्यावरची कॅसेटची पेटी खाली उतरवा. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन लहान प्लॅस्टिकचे तुकडे असतात, ते मोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरे काही भरले जाणार नाही. आतील कागदावरची नावे सर्वांत आधी वहीत उतरवून घ्या. कॅसेट चालत असेल तर टेपरेकॉर्डरपासून संगणकाला वायर जोडून ती उतरवून घेता येते. वस्तीतील एखादे शिकलेले पोर हे सहज करील. खरखर आहे म्हणून फेकू नका. आजी-आजोबांना, गायन पार्टीतील जुन्या मंडळींना ऐकवा आणि विचारा : कोणी लिहिले, कोणी गायिले, कोणत्या गावी, कोणत्या साली, कोणत्या प्रसंगी? आईच्या तोंडचा पाळणा, लग्नातील गाणे, हेही मोबाईलवर भरून घ्या आणि तिचे नाव सांगूनच सुरुवात करा. एक प्रत आपल्या घरी, दुसरी विहारात किंवा नातलगाकडे ठेवा. लोकांत वाटायचे असेल तर गायकाला किंवा त्याच्या घरच्यांना विचारून वाटा. चार पैसे मिळालेच तर त्यांचा वाटा त्यांना पोहोचवा.

येत्या जयंतीला मंडळाने यादी करताना प्रत्येक गाण्यापुढे कवीचे आणि गायकाचे नाव लिहावे आणि गाणे लावण्यापूर्वी ते ध्वनिक्षेपकावरून सांगावे. खर्च काही नाही. श्रोत्यांत बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या शाहिराच्या नातवाला आपल्या आजोबाचे नाव ऐकू येईल, तेवढ्यानेही पुष्कळ साधेल.

जयभीम!