काढलेली गाठ गेली कुठे?

देगलूरच्या बाजारात नऊवारीतल्या बाया अजून दिसतात. कंबरेला लुगडं करकचून आवळायचं आणि दिवसभर खुरपायचं. त्या काचाखाली पडलेला काळा पट्टा दुखणं म्हणून कुणी धरतच नाही.

वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी २०२४ साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये अशा दोघींची हकीगत छापली. सत्तर वर्षांच्या एकीच्या कुशीवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसरीची दोन वर्षं. ती परकराशिवाय लुगडं नेसणारी. तुकडा तपासल्यावर दोघींनाही कातडीचा कॅन्सर निघाला. दुसरीच्या तर तो जांघेतल्या गाठीत उतरला होता. परळच्या टाटा रुग्णालयातल्या डॉ. वसंत खानोलकरांनी धोतराच्या काचाचा कॅन्सर १९४५ सालीच नोंदवला होता, म्हणजे आपल्याला हे कळून जमाना झाला.

माझी तक्रार तुकड्याबद्दल आहे. चामखीळ म्हणून, कुरूप म्हणून गाठ कापतात, टाका घालतात आणि काढलेलं सरळ कचऱ्यात जातं. तेच फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकलं, तर प्रयोगशाळेत त्याचा मेणाचा ब्लॉक होतो आणि कित्येक वर्षांनंतरही त्याचे काप काढता येतात. कॅन्सर कुठला, किती खोल गेलाय, कडेला शिल्लक आहे का, हे त्या कापांत दिसतं. पुढे किती कापायचं तेही त्यावरच ठरतं.

तळपायावरचा काळा डाग घ्या. काटा मोडला असेल म्हणून वर्ष जातं. तो मेलानोमा, म्हणजे कातडीचाच एक कॅन्सर, निघाला, तर त्याच ब्लॉकवर बीआरएएफ या जनुकाची तपासणी होते. गोऱ्या लोकांच्या मेलानोमात जवळपास निम्म्या वेळा त्यात बदल सापडतो, तळव्यावरच्यात बराच कमी; म्हणून तिथे केआयटी हे जनुकही बघतात. बदल असेल तर त्यावरच्या नेमक्या गोळ्या आहेत. नसताना त्याच घेतल्या तर पैसे तर जातातच, वर अपायही होऊ शकतो.

आपला पेशंट नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात जातो, नाहीतर थेट हैदराबादला. फाईल ही जाडजूड. सोनोग्राफी असते, रक्ताचे दहा कागद असतात, ब्लॉक मात्र नसतो. मग पुन्हा कापाकापी, आणि गाठ पुरती काढलेली असेल तर कापायला तरी काय उरलंय? टेबलावर झोपण्याआधीच विचारा, तपासायला पाठवणार ना? नंतर लॅबमधून रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्या. नेताना फक्त उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवू नका; मेण आहे ते, वितळतं.